लाल धाग्याच्या ओंब्या

सरूमावशी, तू गेल्याचं मला कळलं तेव्हा तुझा तेरावा होऊन गेला होता. परभणीच्या बाजारात तुमच्या गावचा एक माणूस भेटला. बैलाचा कासरा हातात धरून उभा होता. म्हणाला, "सरूबाई गेल्या की. तुमाला ठावं न्हाई? थंडीताप झाला, चार दिवसांत आटोपलं." पुढे मी त्याला काही विचारलं नाही. विचारायला तोंड हवं. सात वर्षं तुझ्या दाराकडे न फिरकलेला माणूस मी, तुझ्या मरणाची चौकशी कोणत्या हक्कानं करणार?

तुझा जन्म कुठल्या सालचा ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं. माहीत आहे ते एवढंच, की गव्हाचा एक दाणा दाताखाली धरून तू तो कुठल्या रानातला ते सांगायचीस आणि सहसा चुकायची नाहीस. चुकलीस तर म्हणायचीस, "दाणाच खोटं बोलून राहिला." आपली ओळख अशाच एका दाण्यावरून झाली.

शेतकी खात्यात नवीनच लागलो होतो तेव्हा. हिंगोलीच्या कारकुनाचा मुलगा, पुण्याला शेतकी शिकून आलेला, पायात बूट, डोक्यात पुस्तकं. गव्हावरच्या तांबेऱ्याचा बंदोबस्त करणारं वाण काढायचं, हे माझ्या मनानं घेतलं होतं. तांबेरा कसा असतो ते तुम्हाला सांगायला मी नको होतो. माघात गहू निसवून, ओंब्या टाकून उभा राहिला, की काडीवर तांबूस फोड उठतात, हात लावला की बोटांना भुकटी लागते, आणि दाणा आतल्या आत वाळून जिऱ्याएवढा होतो. तुमचा बन्सी गहू देखणा, शेवयांना एक नंबर, पण तांबेऱ्यापुढे पहिला आडवा पडणारा. खपली ह्या दुसऱ्या जातीला मात्र तांबेरा सहसा शिवत नाही. तिची खोड वेगळीच. दाणा टरफल सोडत नाही, उखळात घालून कांडल्याशिवाय तोंडात जात नाही. मला ह्या दोघांचा संकर करायचा होता आणि त्यासाठी एक वाफा हवा होता.

वाफा कुणी देईना, कारण मी सांगून चुकलो होतो की पुढे त्याच वाफ्यावर तांबेऱ्याची भुकटी पाण्यात कालवून शिंपडणार आहे. रोग आल्याशिवाय कोण टिकतं ते कळणार कसं? पारावर नुसता गलका झाला. "आपल्या हातानं तांबेरा आणायचा? डोकं फिरलं का ह्याचं?" तू डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन तिथून चालली होतीस. थांबलीस आणि म्हणालीस, "लेकरांना देवी टोचाया येतो तो मानूस काय करतो? देवीच टोचतो न्हवं थोडी? मंग ह्यालाबी टोचू द्या. माह्या हिरीजवळचा वाफा देते मी. समद्या गव्हापसून लांब हाय."

मग माझ्याकडे वळलीस. "पर एक अट हाय, भाऊसाहेब. तुमचा गहू तांबडा झाला न्हाई, अन् कांडावा लागला, तर तो तुमच्या घरी घेऊन जा. खपली कांडून कांडून ह्या हातांचं काय झालं बघा." तू तळहात पुढे केलेस. मी ते पाहिले, मान हलवली आणि वहीत टिपून ठेवायचं विसरलो. मी सगळं टिपून ठेवायचो, तेवढंच नेमकं राहिलं.

पुढच्या वर्षी 'भाऊसाहेब' गेलं आणि 'बापू' आलं. मीही 'सरूबाई' सोडून 'मावशी' म्हणायला लागलो, आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

संकराचं काम तू शिकलीस ते मला बघून, आणि महिन्याभरात माझ्यापेक्षा सफाईनं करायला लागलीस. सकाळच्या थंडीत बन्सीची ओंबी हातात धरायची, एकेक फूल हळूच उघडायचं, आतले तीन इवलेसे परागकोश पिकण्याआधी उचलून टाकायचे, ओंबीवर कागदाची पिशवी चढवायची. दोन-तीन दिवसांनी खपलीचे पराग आणून त्यावर झटकायचे. माझा सरकारी चिमटा फूल चिरडायचा. तू कमरेची चंची सोडून बाभळीचा काटा काढायचा तुझा लोखंडी चिमटा काढलास आणि त्या चिमट्यानं एकही फूल दुखावलं नाही. वर मला डिवचलंस, "एकीचा नवरा काढून टाकायचा अन् दुसऱ्यासंगं पाट लावून द्यायचा. हेच शिकाया पुण्याला गेलता व्हय रं?" वाफ्यातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी लाल झालो. तांबेरा झाल्यागत दिसतोस म्हणालीस.

पहिल्या पिढीची सहा झाडं आली, सहाही स्वच्छ. मी बांधावर नाचलो. तू एक ओंबी तोडलीस, तळहातावर चोळलीस, फुंकर मारलीस आणि हात माझ्यापुढे धरलास. टरफलं तशीच दाण्याला चिकटलेली. "हे तुमच्या घरी न्या," एवढंच बोललीस.

दुसऱ्या पिढीत वाफाभर झाडं उभी राहिली, मी भुकटी शिंपडली, आणि काही झाडं लालभडक झाली. गावाला आयतंच हसायला मिळालं. गेल्या साली समदी साफ व्हती, औंदा काहून तांबडी झाली? बियाण्यानं दगा दिला! मी पारावर बसून त्यांना चार भागांतला एक भाग तांबडा, तीन भाग साफ असं काहीतरी समजावत होतो. कुणी जांभई दिली, कुणी तंबाखू मळली. तू मधेच बोललीस. "माह्या सासऱ्याचे डोळे घारे. माह्या मालकाचे काळे. गणपतचे पुना घारे. मधल्या टायमाला कुठं गेलते? लपून बसलेले. वाट बघत. तसाच हा तांबेरा." पारावरच्या सगळ्यांनी माना वळवून तुझ्या मुलाच्या, गणपतच्या डोळ्यांकडे बघितलं आणि विषय संपला. दोन वर्षं पुण्यात बसून मी जे शिकलो ते तू सासरच्या माणसांच्या तोंडाकडे बघून शिकली होतीस. मला थोडा रागच आला होता, खरं सांगतो.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. आतापर्यंत त्याच्याभोवतीच घुटमळतो आहे.

स्वच्छ राहिलेल्या झाडांतून मी नऊ निवडली आणि त्यांच्या प्रत्येक ओंबीच्या मानेला लाल धागा बांधला, कापणीत चुकामूक नको म्हणून. आठ झाडं खपलीच्याच वळणावर गेलेली, चोळली तर दाणा सुटत नव्हता. नववं झाड वाफ्याच्या कोपऱ्यात, विहिरीच्या अंगाला होतं. त्याची एक ओंबी मी चोळली आणि हिरवे दाणे माझ्या तळहातावर मोकळे झाले. बन्सीसारखे. एकदा नाही, दोन ओंब्या चोळून पाहिल्या. तांबेऱ्याचा ठिपका नाही आणि कांडायची गरज नाही. तुझी अट पुरी झाली होती, मावशी. तू तेव्हा वीस पावलांवर मोटेचं पाणी वळवत होतीस. मला तुला हाक मारायची होती आणि मी मारली नाही. चार दिवसांनी मोठे साहेब वाफा बघायला येणार होते. मला ते आधी त्यांना दाखवायचं होतं, माझं म्हणून. वहीत इंग्रजीत लिहिलं, वही मिटली आणि तुला म्हणालो, "बराय, येतो मावशी."

ही माझी चूक. पुढचं सगळं त्या न मारलेल्या हाकेतून आलं.

साहेब आले त्या सकाळी मी त्यांना आणायला सडकेपर्यंत गेलो होतो. तू इकडे आगटी पेटवलीस. तुमच्या घरची रीत मला ठाऊक नव्हती आणि मी कधी विचारलीही नव्हती. पाहुण्यासाठी ज्या ओंब्या राखायच्या त्यांना धागा बांधून ठेवायचा, म्हणजे घरातलं कुणी त्यांना हात लावत नाही. तू बघितलंस, बापूनं साहेबासाठी लाल धागे बांधून ठेवलेत. नऊही झाडांची एकेक ओंबी चोळून पाहिलीस. आठांची टरफलं सुटेनात, ती भाजून पाहुण्याच्या हातात कशी द्यायची? कोपऱ्यातल्या झाडाचे दाणे मोकळे सुटले. तू त्या झाडाच्या पिकत आलेल्या साऱ्या ओंब्या काढल्यास, धगीवर धरल्यास, गरम गरम चोळून, फुंकून, गुळाच्या खड्याबरोबर साहेबांच्या पुढ्यात ठेवल्यास.

साहेबांनी मूठभर तोंडात टाकले. "वा! दाणा कसा मोकळा सुटतो हो!" मीही खाल्ले. गोड होते. मग आगटीच्या राखेत मला अर्धवट जळलेला लाल धागा दिसला.

मी जे बोललो ते सगळ्यांनी ऐकलं. "अडाणी बाई! तीन वर्षं भाजून खाल्लीस माझी!" तुझ्या हातात गुळाचा खडा होता, तो हातातच राहिला. एवढंच म्हणालीस, "पाव्हण्यासाठी बांधल्या वाटल्या, बापू." साहेब हसले, आणि जाता जाता म्हणाले की हा खेळ आता पुरे, परभणीला या. उरलेल्या आठ झाडांच्या ओंब्या पिशवीत भरून मी निघालो. तू पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आलीस. मी पाणी घेतलं नाही.

अडाणी. तुझ्या चिमट्यानं माझा संकर झाला, तुझ्या वाफ्यात माझा तांबेरा वाढला, तुझ्या गणपतच्या घाऱ्या डोळ्यांनी माझी विद्या गावाला कळली, आणि मी तुला अडाणी म्हणालो. हा शब्द मी परत घेतो, हे सांगायला फक्त तुझ्या दारापर्यंत यायचं होतं. परभणीहून तो काही परदेश नव्हता.

पण आलो नाही. त्या आठ झाडांच्या ओळी वाढवत बसलो. पाच वर्षं पेरल्या. तांबेरा येईना हे खरं, पण एकजात सगळ्या उखळात जाणाऱ्या. दर वर्षी ओंबी चोळली की तळहातावर टरफलांसकट दाणे, आणि कानात तुझं "तुमच्या घरी न्या". तुझे दोन निरोपही आले. पहिला एका गाडीवानाबरोबर: "सरूबाई म्हनल्या, बापूला सांगा, एकडाव वाफा बघून जा." दुसरा नर्सीच्या यात्रेतून परतलेल्या एका बाईबरोबर, शब्द तेच. मी हो हो म्हणालो. मला वाटलं, तू माझी समजूत काढायला बोलावते आहेस. ज्याला आपण दुखावलं त्यानंच आपली समजूत काढायची, ही तकलीफ मला सोसणारी नव्हती. वाफा बघायला म्हणजे काय बघायला, हे त्या दोघांनाही मी विचारलं नाही.

मग गेल्या साली तांबेरा आला. शिंपडलेला नव्हे, खरा. दहा-बारा दिवसांत रानंच्या रानं तांबडी झाली. नुकसानीची पाहणी करत मी गावोगाव हिंडलो. गव्हातून चाललं की धोतर गुडघ्यापर्यंत विटकरी व्हायचं. डोंगरकड्याकडच्या एका शेतकऱ्यानं उभ्या पिकात गुरं सोडली होती, तर गुरंही तोंड लावीनात. नर्सीला आलो. तिथल्या चढावरून कयाधू नदीपलीकडे तुमच्या गावची चिंचेची झाडं दिसतात. ती बघताना वाटलं, तुझंही पीक गेलं असणार, आणि माझ्या पोतडीत तुला द्यायला कांडायची खपलीच होती. म्हणून तिथूनच मागे फिरलो.

परवा आलो, मावशी. सध्याचे दिवस तुला माहीतच होते. रझाकारांच्या भीतीनं निम्मं गाव पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेलंय. गणपत बैलं आणि लेकरं घेऊन तिकडेच आहे. त्याची बायको पारू मात्र शेजारणींच्या सोबतीनं मागे राहिली आहे. मी तिला म्हणालो, तूही जायचं होतंस. तर तुझी सून तुझ्यासारखीच बोलली: "उभा गहू टाकून जाऊ? आत्या काय म्हनतील?" तू नाहीस हे ती बोलताना विसरते.

तिनं मला विहिरीकडे नेलं. वाफा होता तिथे आता वाफा नव्हता, पाऊण बिघ्याचं रान होतं. गहू कमरेला लागत होता. काडीवर बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं. एक ओंबी तोडली, चोळली. दाणे सुटले.

पारूनं सांगितलं ते असं. त्या दिवशी मी गेल्यावर तू चूल पेटवली नाहीस. दिवस मावळायच्या आत वाफ्यावर गेलीस. कोपऱ्यातल्या झाडाला एक मागून आलेला फुटवा होता. त्याची ओंबी इतकी कोवळी होती की मी तिला धागाही बांधला नव्हता, आणि भाजायला तूही ती तोडली नव्हतीस. तू झाडाभोवती बाभळीच्या फांद्या रोवल्यास. चौदा दाणे निघाले. पुढच्या साली ते पेरलेस. जे झाड तांबडं दिसलं ते मुळासकट उपटलंस, जे कांडायला लागेल असं वाटलं तेही. दर साली तेच. आम्ही खात्यात ह्याला लांबलचक नाव देतो आणि त्याला पगार असतो. तू ते भाकरी भाजून झाल्यावर करत होतीस.

"गेल्या साली समद्यांचा गहू गेला," पारू म्हणाली, "ह्योच उभा राह्यला. आत्यानं चार घरी बियाणं दिलं. म्हनायच्या, ह्या गव्हाला दोन अटी हायेत. तांबडा व्हऊ नये, ही बापूची. कांडाया लागू नये, ही माही."

तेव्हा मला तुझा राग आला, मावशी, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. निरोप पाठवलास त्यात एवढं का सांगितलं नाहीस? 'ते झाड जगलंय' असे तीन शब्द. मी रात्रीची गाडी धरून आलो असतो. सगळा मुलूख तांबेऱ्यानं झोपला तेव्हा तुझा गहू शंभर गावांत उभा राहिला असता! असंच मी पारूला बोललो, पुन्हा थोडं ओरडूनच. सवय जात नाही. ती शांतपणे म्हणाली, "मीबी इचारलं व्हतं त्यास्नी. म्हनल्या, गव्हासाठी तर तो पळत येईल. त्यानं गव्हासाठी यावं न्हाई. तसंच यावं."

ते ऐकल्यावरही तुझं चुकलं असं मला अजूनही वाटतं. लोकांचा गहू गेला, तिथे आपल्या दोघांचं रुसणं कसलं घेऊन बसायचं? पण भांडायला तू समोर नाहीस, आणि खरं तर ह्या भांडणात पहिलं बोलायची पाळी माझी होती. म्हणून आता बोलतो. मावशी, त्या दिवशी मी चुकलो. हाक मारली नाही ते चुकलं, अडाणी म्हणालो ते चुकलं, तुझ्या हातचं पाणी न घेता गेलो ते सगळ्यात चुकलं. तू केलंस ते मला सात वर्षांत जमलं नाही. तुझे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही, आणि फेडून घ्यायला तू थांबलीही नाहीस.

निघताना पारूनं घरात जाऊन एक गाडगं आणलं. त्यात जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या पुरचुंड्या होत्या. मोजल्या, सहा निघाल्या. दर साली खळं झालं की पहिली ओंजळ तू बाजूला काढायचीस म्हणे, आणि कुणाला हात लावू द्यायची नाहीस. "हे तुमचं," ती म्हणाली. पहिली पुरचुंडी मी तिथेच सोडली. आत दाणा नव्हता, किड्यांनी सगळं पीठ केलं होतं. दुसरीचंही तेच. सहावीतला, गेल्या सालचा गहू टणक आहे, पेरण्याजोगा आहे. दिवाळीच्या सुमाराला मी तो पेरीन.

सहाही पुरचुंड्यांना लाल धागा बांधलेला होता. तुमच्या घरी तो कशासाठी बांधतात, हे आता मला माहीत आहे. पाहुणा आला, मावशी. फार उशिरा आला.